खोडलेली तक्रार

अमरावती, ता. ११ जानेवारी १८६५

बाजारात आज गाड्या अडल्या. व्यापाऱ्यांची वजने खोटी, म्हणून शेतकऱ्यांनी कापूस उतरवला नाही. साठेक माणसे रस्त्यात बसून राहिली. पुढे जानराव — बडनेऱ्याकडचा कुणबी, बोलका माणूस. कोणाच्या हाती काठी दिसली नाही.

शाळा सुटल्यावर मुंबईच्या वर्तमानपत्रास बातमी धाडली — ‘कापूसवाल्यांचा दंगा’. आधी ‘तक्रार’ लिहिले होते. फिके वाटले, खोडले.

ता. २०

अंक आला. कचेरीतले कारकून वामनराव यांनी ओट्यावर मोठ्याने वाचला. मंडळींत वाद पेटला — दंगेखोरांस फटके द्यावे की तुरुंग? दंगा झाला का, हे कोणीच विचारले नाही. मी अंक मागून घेऊन घरी आलो.

ता. २२

जानरावास शिपायांनी धरून नेले.

ता. २६

त्याची बायको जयवंता शाळेच्या दाराशी आली.

“मास्तर, तुमी तं तिथंच व्हते. कोनाले मारलं त्यानं?”

“कोणालाही नाही.”

“मंग दंगा कावून लिवला?”

सासू अंथरुणाला खिळली आहे म्हणाली. “लेकाचंच नाव घेऊन राह्यली.”

लगेच संपादकांस दुरुस्ती धाडली.

ता. ३ फेब्रुवारी

संपादकांचे उत्तर — ‘जागा नाही. दंग्याची पुढील हकीकत पाठवावी.’

जानरावाची आई आज पहाटे गेली. त्याला सोडले नाही. अग्नी त्याच्या पुतण्याने दिला.

ता. ६

कचेरीत गेलो. आधीच जायला हवे होते. साहेबाच्या मेजावर तोच अंक, माझ्या शब्दाखाली तांबडी रेघ.

“हे तुम्ही लिहिले?”

“होय. पण दंगा झाला नाही. माणसे नुसती बसली होती. शब्द मी चुकीचा घातला.”

वामनराव जबानी लिहून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिवस कलता जानराव सुटला. मी फाटकाशी उभा होतो. माझ्याकडे न पाहता तो पुढे गेला.

ता. ७

मुंबईस कळवले — दुसरा बातमीदार पाहावा.

ता. २०

जानराव शाळेत आला. डोके भादरलेले. मी उठून उभा राहिलो.

म्हणाला, “मास्तर, मले वाचाले शिकवा. आपल्यावर काय लिवलं, ते दुसऱ्याच्या तोंडून कावून आयकावं?”

आणि पोरांच्या ओळीत, शेवटी, मांडी घालून बसला.