हेल्मेटची उघडी काच

सोमवार, सकाळ

निघालो एकदाचा! सहाशे किलोमीटर, तीन दिवस, मी आणि गाडी. ताईला लांबच्या गावी नोकरी लागून सहा महिने झाले, घरचं कुणी तिकडे फिरकलेलं नाही. मी जातो, तेही गाडीवरून, असं मीच जाहीर करून टाकलं. बस काय वाईट आहे, असं आईने पाचव्यांदा विचारलं. मेकॅनिकने चेन ताणून दिली आणि बजावलं, की हेल्मेटची काच खाली ठेव आणि तोंड मिटून चालव, तुझ्यासारखे बडबडेच वाटेत किडे खातात. डावा आरसा लटपटतोय. त्यात माझं अर्धंच तोंड दिसतं, पण तेवढंही बरं दिसतं.

सोमवार, दुपार

एका फाट्यावर पाटीवर बगळ्याचं चित्र होतं. बगळा बघायला म्हणून हमरस्ता सोडला. बगळा काही नव्हता. दोन्हीकडे दलदल, हिरवट साय धरलेलं पाणी, कुजलेल्या बोरूचा वास. उकडत होतं म्हणून काच वर केली आणि बेंबीच्या देठापासून गायला लागलो. तानेवर असतानाच अंगठ्याएवढं काहीतरी सपकन तोंडात शिरलं. लवदार, मऊ, पंखांचं. गाडी थांबवून थुंकायला वाकलो.

मी ते गिळलं नाही. ते जिभेवरून चालत स्वतःच आत गेलं.

पुढे पेट्रोलपंपवाल्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, आम्ही सगळ्यांनी किलो किलो खाल्लेत. मग कुठला रस्ता, असं विचारलं. दलदलीचा म्हटल्यावर त्याचं हसणं थांबलं. रुमाल नाकातोंडावर घट्ट दाबून त्याने हातानेच मला पुढे जायला सांगितलं. टाकीचं झाकणही मलाच लावायला लागलं.

मंगळवार

सकाळपासून खोकला. लॉजच्या बेसिनमध्ये पिवळट, तारेसारखा लांबणारा चिकटा पडला. त्यात मोहरीएवढे राखाडी दाणे. एक दाणा नखाने फोडला. आत काहीतरी मुटकुळं करून बसलं होतं, त्याने पाय झाडले. तिथेच ओकलो. ओकारीतही तेच दाणे. पाण्याला, पावाला, माझ्या स्वतःच्या थुंकीला दलदलीची चव येतेय. पोटात भाडेकरू ठेवलेत, असा विनोद ताईला पाठवणार होतो. पाठवला नाही.

गाडी बंद केली तरी घरघर चालूच. बराच वेळ इंजिनला कान लावून बसलो. मग हात छातीवर ठेवला.

बुधवार, सकाळ

वाटेतल्या गावात डॉक्टर गाठला. त्याने टॉर्च मारून आ करायला लावला. मी आ केला. घशातून काहीतरी वर आलं, जिभेवर पाय टेकले — ओले, खरखरीत. डॉक्टर 'बापरे' म्हणाला.

'बापरे' म्हणताना तोंड उघडतंच.

तीन-चार किडे उडाले, सरळ तिकडेच. तो गळा धरून खोकत माझ्यामागे फाटकापर्यंत आला. मी गाडीला किक मारली. पळालो. माफीसुद्धा मागता येईना, तोंड कसं उघडणार —

बुधवार, दुपार

ताईचं गाव वीस किलोमीटर. जाणार नाही. झाडाखाली थांबलोय. तोंडावर फडकं बांधलंय, जबडा दुखतोय. दातांच्या मागे गर्दी. ढकलतात. एक ओठाच्या फटीतून अर्धा बाहेर — बोटाने चिरडला. बोटाला तोच वास.

ताईचे सात फोन. उचलू कसा? लिहून कळवलं, येऊ नकोस. तिचा मेसेज — लोकेशन दिसतंय, शहाणपणा पुरे, निघाले.

बुधवार

ताई आली. स्कूटर लावतेय. आता हे तुझ्यासाठी लिहितोय ताई, मोठ्या अक्षरात. वाच.

तिथेच थांब. माझ्याशी बोलू नकोस. तोंड मीट. ते उघड्या तोंडात शिरतात. थट्टा नाही, आईची शपथ. घरी जा.

वाचलंस ना? मग मागे हो. हो ना मागे! फडक्याला हात लावू नकोस.

हसू नकोस ताई. हसू नको — तोंड — तों