दोर वजनहीन मानावा

१८ फेब्रुवारी

'घर्षण नाही असे समजा.' — वा! समजलो.

पुस्तकातल्या पहिल्याच गणितात कुणीतरी एक पेटी गुळगुळीत जमिनीवरून ढकलतोय. पेटीत काय आहे, ती कुठं चाललीय, हातभार लावायला दुसरं कुणी का येत नाही — लेखकाला काही देणंघेणं नाही. वर घर्षण नाही म्हणे! या गृहस्थानं आमच्या नगरपालिकेत कधी अर्ज दिलेला दिसत नाही.

या वयात हा उद्योग माझ्या गळ्यात बांधला तो व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी. 'आजोबा, त्यांच्या आवडीचं काहीतरी बोलत जा. कधी कधी मेंदू जागा होतो.' माझ्या बायकोच्या, नेद्याल्काच्या आवडीचं! ऑक्टोबरात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याआधी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. दुसरं काही आवडायचं नाही तिला — मी धरून. मी सातवीत शाळा सोडली. विज्ञानात दोन होते, सहापैकी. पावाची गाडी चालवायला तेवढे पुरतात.

तर आता रोज जेवण झालं की पलंगाशी बसून तिच्याच पुस्तकातली गणितं मोठ्यानं सोडवतो. ती छताकडे बघते. तिच्या जागी मीही छताकडेच बघितलं असतं.

२१ फेब्रुवारी

पुन्हा पेटी. बल चाळीस न्यूटन, अंतर पाच मीटर, काम किती? चाळीस पंचे दोनशे. एवढं मलाही येतं. 'दोनशे,' म्हणालो आणि पान उलटलं.

ठक.

डाव्या हाताचं पेर, पलंगाच्या लाकडावर. मला वाटलं, मांजर. पुन्हा म्हणालो, 'दोनशे.' ठक. 'दोनशे... किलो?' ठक ठक!

मग एकदम आठवलं — वर्गात पोरांनी नुसता आकडा सांगितला की ती बाकावर असंच पेर आपटायची. 'दोनशे काय? दोनशे बटाटे?' घरात तरी कुठं सोडायची! मी म्हणायचो, सूपमध्ये अर्धा घातला. ती — 'अर्धा काय?'

'दोनशे ज्यूल,' म्हणालो.

शांत. आणि डोळे छतावरून खाली उतरून माझ्यावर. तीच जुनी नजर — या माणसाशी मी लग्न का केलं! किती महिन्यांनी बघितली. बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. थंडी बरीच होती.

२२ फेब्रुवारी

आणि हात आपोआप हलत असला तर? गॅस बंद केला होता ना? केला होता. पुन्हा बघून आलो. केलाय.

२६ फेब्रुवारी

दाफिनाचा फोन, प्लोव्हदिव शहरातून. आमची एकुलती एक मुलगी. बँकेत आहे, बोलते पण बँकेसारखीच. तिच्या घराजवळ वृद्धांचं एक निवासस्थान आहे, तिथं आईसाठी जागा मिळालीय, बावीस मार्चपासून. 'बाबा, तुम्ही पंचाहत्तरीचे. तिला उचलता उचलता तुम्हीच पडलात तर?' मी म्हणालो, 'तिला सगळं कळतं. चूक झाली की ठोकते.' पलीकडे उसासा. 'डॉक्टर म्हणालेत ना, तो हात आपोआप उडतो.'

माझ्यासाठी जागा नाही तिथं. नवऱ्यांनी चार ते सहा भेटायला यावं. दूधवाल्यासारखं.

१ मार्च

शेजारची स्तोयना मार्चचे लाल-पांढरे धागे घेऊन आली. नेद्याल्काच्या डाव्या मनगटावर बांधला. पहिला करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही. पलंगावरून करकोचा दिसणार कुठून, ते विचारू नये.

मी गणित वाचत होतो. स्तोयना कमरेवर हात ठेवून उभी. 'मिन्चोदादा, बाई आजारी आहे, आणि तू तिला हे ऐकवतोस? देवाचं काही वाच!'

मी म्हटलं, देवाचं वाचलं तर ती मुद्दाम मरेल.

नेद्याल्काच्या ओठाचा डावा कोपरा हलला. स्तोयनानं नाही बघितलं. कसं बघेल, स्वतःच बोलत होती.

४ मार्च

आज कळलं की वस्तू वर उचलून पुन्हा खाली ठेवली तर गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात एकूण काम शून्य. सकाळपासून मी नेद्याल्काला चार वेळा उचललं, चादर बदलली, कूस बदलली, परत ठेवलं. म्हणजे मी दिवसभर काही केलं नाही! कंबर उगीच दुखतेय. पुस्तकाला कंबर नसते.

मोठ्यानं वाचून दाखवलं. ठोकलं नाही तिनं. बरोबर आहे म्हणजे. धन्यवाद, बाई.

८ मार्च

महिला दिन. जुने विद्यार्थी फुलं घेऊन आले. तिच्या डोक्यावरून मला विचारलं, 'बाईंना काही समजतं का हो?' त्यातला एक आता नगरसेवक आहे. त्याला घर्षणाची व्याख्या विचारायची फार इच्छा झाली. फुलं पाण्यात ठेवली.

१२ मार्च

दाफिनाशी फोनवर भांडण. शेवटी मीच म्हटलं, ये आणि परीक्षा घे! मी चुकीचं उत्तर सांगेन, तिनं ठोकलं तर ती इथंच राहील. नाही ठोकलं तर ने.

'आणि मग कुरकुर करणार नाही?'

'नाही.'

फोन ठेवला. हे काय बोलून बसलो मी? मुद्दाम चुकायचं म्हणजे आधी बरोबर काय ते यायला नको का? मी चुकतो तेव्हा मला तरी कुठं माहीत असतं! उपाय सापडला — मागची उत्तरं आधी बघायची. आणि जे छापलंय ते सोडून दुसरं सांगायचं.

१६ मार्च

लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

सकाळी स्तोयनानं आमच्या पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं. परीक्षेच्या दिवशी ओततात, काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. रात्रीच्या गारठ्यानं पायरी बर्फासारखी, पाणी तिथंच गोठलं. मी शेळीला चारा द्यायला बाहेर पडलो आणि पायरीवरून थेट फाटकापर्यंत गेलो. घर्षण नाही असे समजा!

दाफिना दुपारी आली. आईच्या गालाचा मुका घेतला, खोलीत नजर फिरवली, औषधाच्या बाटल्या उगीच सरळ केल्या. 'गणित मी निवडणार, बाबा. नाहीतर तुम्ही पाठ करून ठेवाल.' पुस्तक कुठंही उघडलं, बोट ठेवलं.

दहा मीटर खोल विहीर. आठ किलो पाण्यानं भरलेली बादली वर ओढायची. रिकाम्या बादलीचं वस्तुमान दोन किलो. दोर वजनहीन मानावा, घर्षण नाही, गुरुत्व त्वरण दहा. किती काम करावं लागेल?

'चष्मा पुसतो,' म्हणून खिडकीशी गेलो आणि मागचं पान बघितलं. आठशे ज्यूल. म्हणजे आठ गुणिले दहा गुणिले दहा. बादली सोडूनच दिलीय. साहजिक आहे — दोर वजनहीन, घर्षण नाही, मग बादली तरी कशाला असेल? तो दोन किलोचा आकडा पोरांना फसवायला घातला असणार. मनात म्हटलं, झकास! आपण फसल्यासारखं करू.

पलंगाशी येऊन मोठ्यानं म्हणालो, 'पाणी आठ, बादली दोन, झाले दहा. दहा गुणिले दहा गुणिले दहा. एक हजार ज्यूल!'

काही नाही.

'एक हजार, नेद्याल्का! बादलीसकट!'

हात चादरीवर पडलेला. धागासुद्धा हलला नाही. डोळे मिटले तिनं, अगदी समाधानानं.

दाफिनानं मागचं पान उघडलं. 'आठशे आहे, बाबा.'

मी घाबरलो. ओरडलो, 'बरं, आठशे! आठशे ज्यूल!'

ठक. ठक ठक.

चुकीला गप्प आणि बरोबरला ठोकणं! दाफिनानं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. जाताना म्हणाली, 'बावीसला सकाळी येते. तिचे लोकरीचे मोजे विसरू नका.'

१७ मार्च

गणित सोडवलं नाही. तिनं दोनदा ठोकलं. मी वर्तमानपत्र वाचत बसलो. सगळ्यांनी सांगितलं होतं, हात आपोआप उडतो. सातवीतल्या दोन मार्कांनी स्वतःला डॉक्टर समजायला लावलं.

१९ मार्च

स्तोयनानं भाजलेला पापुद्र्यांचा बानित्सा आणून दिला, चीज भरपूर घातलेला. 'माझ्या पाण्यानंच घात केला का रे, दादा?' रडवेली झाली होती. म्हटलं, नाही गं, तुझं पाणी चांगलं होतं. ती गेल्यावर लक्षात आलं, मी तिला धड टोमणाही मारला नाही. तब्येत बरी नाही माझी.

नेद्याल्काला पाव दुधात कुस्करून भरवला. खाल्ला सगळा. माझ्याकडे बघत होती, एकटक.

२१ मार्च

बॅग भरली. मोजे, शाल, कंगवा. पुस्तक घालू की नको? घातलं. काढलं. पुन्हा घातलं. तिथं कोण वाचणार आहे तिला? चार ते सहा, मी. इथून बस बदलून प्लोव्हदिव, आणि मला बसमध्ये मळमळतं.

शेवटी राग आला. पुस्तक बाहेर काढलं आणि सरळ तिच्यावर ओरडलो. असं ओरडायला नको होतं. 'पाच दिवस झाले, मला एवढं सांग, आठशेला का ठोकलंस? छापलंय इथं! आठशे ज्यूल! ज्यूल म्हणालो होतो ना मी? बटाटे नव्हतो म्हणालो!'

ठक.

'आठशे!'

ठक! आणि चेहरा लाल, मानेची शीर फुगलेली, तोंड वाकडं करून ती हवा ढकलतेय, ढकलतेय — मला वाटलं दुसरा झटका. पुस्तक टाकून तिचे खांदे धरले.

'बा,' म्हणाली. मग, 'बा... द... ली.'

२१ मार्च, संध्याकाळी

बादली! बादली कोण ओढणार, पुस्तकाचा लेखक? हजारच बरोबर. छापणाराच चुकलाय. ऑक्टोबरपासूनचा पहिला शब्द, आणि लग्नानंतर प्रथमच चूक माझी नाही.

दाफिनाला फोन लावला. काही सांगितलं नाही, नुसता नेद्याल्काच्या तोंडाशी धरला आणि म्हणालो, 'आठशे.'

तिनं सांगितलं.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, शाळेतली असताना विचारायची तसं — 'बाबा... हे कोण बोललं?'