वेगवान न्यूट्रॉन आणि टाइपिस्टची जागा

भिसेगाव, मंगळवार, डिसेंबर १९४८

मुंबईच्या प्रयोगशाळेचं पत्र आज आलं. मी संशोधनासाठी अर्ज केला होता, सोबत अणुभट्टीचा माझा आराखडा जोडून. त्यांनी देऊ केली टाइपिस्टची जागा. टाइपिस्ट! पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन?

मुलाखतीतच ओळखायला हवं होतं. साहेब हसून म्हणाले, "बाई, न्यूट्रॉनचा वेग कमी करून चालवायची भट्टीसुद्धा अजून आपल्या देशात नाही, आणि तुम्हाला वेगवान न्यूट्रॉनची हवी?" मी म्हटलं, "दोन्ही नाहीत, तर दोन्ही शिकू." माझ्या आकडेमोडीत त्यांनी एकही चूक दाखवली नाही. एकही नाही. मग टाइपिस्ट का?

काका म्हणाले, "घे गं ती जागा. तसंबी अणू म्हंजे बाँबच ना?" मी म्हटलं, "काका, भट्टीत तीच आग काबूत ठेवायची असते. मला ते करायचंय." आवाज चढला माझा. चढू दे.

लगेच उत्तर लिहिलं: संशोधक म्हणून बोलवा, नाहीतर आराखडा परत पाठवा. लिहून झाल्यावर मात्र पाकीट चिकटवायचं थांबले. दुसरी प्रयोगशाळा तरी कुठं आहे?

तेवढ्यात बाबा भात झोडून आले. त्यांना सगळं वाचून दाखवलं.

"तू मांडलंस ते बरोबर हाय ना?"

"हो."

"मग भ्यायचं नाय. आमी तुला टायपिंगसाठी शिकवली नाय."

अंगावरचा भुसा झटकून ते माझ्याबरोबर कर्जत स्टेशनापर्यंत चालत आले. पत्र पेटीत मी माझ्या हातानं टाकलं.