टेपपुढे उभा

बहरीन, नोव्हेंबर १९८६

प्रिय अजरा, सलाम.

मी खुशाल आहे. जेवण बरं मिळतं. अम्मीचा खोकला थांबला का?

हॉटेलात एक बदल झालाय. आमच्या जॅझ बँडऐवजी आता कॅसेट लावतात. आम्ही वाद्यं धरून नुसतं वाजवल्यासारखं करायचं. संगमेश्वरच्या सभांत बोलायचो, तसा मी मॅनेजरवर कडाडलो, "वीस वर्षं सॅक्सोफोन आणि फ्लूट वाजवणारा माणूस बाहुलं नाही! ज्यात श्वास नाही, ते संगीत नाही!"

तो म्हणाला, "भाषण झकास, हारुनभाई. पण तुमचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. आठ वाजता उभे राहा."

मी उभा राहिलो. दुसऱ्याच्या सुरांवर बोटं हलवली. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने तर माझा हात धरून आभार मानले. त्याला खरं सांगवलं नाही.

दुपारी समुद्रावर फ्लूट वाजवतो, एवढंच आता माझं. अब्बांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते मासळीबाजारात माझं कौतुक सांगत असतील.

सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, वाजवण्याआधी तोंडात धरून ओली करावी लागते. आता तिची गरज नाही. तरी रोज संध्याकाळी मी ती ओली करतो.

घरच्या सगळ्यांना सलाम.

तुझाच,
हारुन