डबलसीटचा दांडगा अनुभव

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात मोठी गोष्ट घडली. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि सांभाळते. मी तक्रारींच्या टेबलावर. कुठे लिफ्ट अडकली की आतल्या माणसाचा फोन मला येतो. मी सांगतो, घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस निघालाय. मग आमचा मेकॅनिक मोटारसायकलवरून जातो. त्याला सगळे पाना म्हणतात. त्या पान्याची बढतीवर बदली झाली. महिनाअखेर चालला.

साहेबांनी विचारलं, त्याची जागा घेता का. लिफ्टचं काम येतं तुम्हाला, पण मोटारसायकल येते का? मी म्हणालो, साहेब, बारा वर्षं रोज मोटारसायकलवरूनच ऑफिसला येतोय.

यात खोटं काहीही नाही. पान्याच्या मागे बसून येतो, एवढंच. साहेबांनी पुढे की मागे असं विचारलंच नाही. खूश झाले. ३ मार्चला सगळ्या इमारती दाखवायला स्वतः माझ्या मागे बसून येणार म्हणाले.

त्यानंतर मी तीन ग्लास पाणी प्यायलो. सकाळचा चहा फार कडक होता.

४ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. मोटारसायकल शिकणं म्हणजे काय, तर सवय. ती मला आहे. वळणावर किती कलायचं, खड्डा कसा चुकवायचा, कुठे थांबायला हवं होतं, हे मी बारा वर्षं पान्याला मागून सांगत आलोय. समोर कोणी आडवं आलं की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो. म्हणजे बारा वर्षं मी ब्रेक मारतोच आहे. फक्त पायाखाली ब्रेक नव्हता.

हिला सांगितलं. ही हसेल असं वाटलं होतं. हसली नाही, भाजी चिरायची थांबली. ते जास्त वाईट.

मग म्हणाली, अहो, आधी पान्याभाऊजींच्या जुन्या गाडीवर शिका, मग एखादी छोटी, हलकी घ्या. हिला कशाला मध्ये घेतलं असं झालं.

निश्चय : रोज पहाटे उठून सराव. गाडी येईपर्यंत खुर्चीवर.

५ फेब्रुवारी

पहाटे उठलो नाही. खुर्ची तशी दिवसाही असतेच.

९ फेब्रुवारी, रविवार

शोरूम. सेल्समन हुशार होता पण आगाऊ. आल्याआल्या म्हणाला, पहिलीच गाडी का. कसं ओळखलं विचारलं, तर नुसता हसला.

मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. प्रत्येक गाडीवर आधी मागच्या सीटवर बसून पाहिलं. गुडघे कुठे येतात, धरायला दांडी आहे का, सायलेन्सर पोटरीला भाजेल का. माणूस गाडी घेतो ती पुढून बघून आणि फसतो. सेल्समन म्हणाला, साहेब, पुढे बसा ना. म्हटलं, आधी तू बस. बसला बिचारा. त्याच्या खांद्यावरून समोरचं किती दिसतं ते नीट पाहता आलं. दुकानातले बाकीचे लोक आमच्याकडे बघत होते. लोकांना खरेदी कशी करावी हेच माहीत नसतं.

त्याने एक बुटकी गाडी पुढे केली. नवशिक्याने वजनाला हलकी घ्यावी, इंजिन लहान असावं, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, असं व्याख्यान दिलं. ही मान डोलवत होती. मी म्हणालो, पाय जमिनीलाच टेकवायचे तर पायी जाणं काय वाईट.

शेवटी काळी, उंच, भारदस्त गाडी ठरवली. मागची सीट एक नंबर. साहेब बसणार आहेत, त्यांचाही विचार करायला नको का.

परत येताना ही बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

१२ फेब्रुवारी

गाडी आली. शोरूमचा माणूसच चालवत घेऊन आला. इमारतीखाली लावली. वरून बघताना फार रुबाबदार दिसते.

संध्याकाळी बसून पाहिलं. पुढे. पायांचे फक्त चवडे टेकतात, तेही एका वेळी एकाच बाजूचे. ही हँडल धरून उभी होती म्हणून बरं. बुटाला जाड तळवा लावून घेतला की प्रश्न मिटला. गाडीत दोष नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ

ड्रायव्हिंग क्लास लावला. हिचा हट्ट. कधीतरी गाडी घेऊ म्हणून दोघांची लर्निंग लायसन्सं हिने डिसेंबरातच काढून ठेवली होती. शिकवणाऱ्या बाई सडेतोड आहेत. माझी गाडी बघून म्हणाल्या, ही राहू दे घरी, आणि क्लासची एक खटारा गाडी दिली.

क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडते. पुन्हा चालू, पुन्हा उडी. क्लासच्या गाड्यांचे क्लच हजार हातांनी बिघडवलेले असतात.

थोडी चालली तेव्हा बाई ओरडल्या, सारखे उजवीकडे वाकून काय बघताय? पुढे कोणी बसलंय का तुमच्या? माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पान्याचं डोकं मोठं आहे. त्याच्या बाजूने बघायचं म्हणून मान उजवीकडे कलती करायची सवय लागलीय. पुढे पूर्ण मोकळं असतानाही मी वाकूनच बघत होतो. आणि जिकडे बघावं तिकडे गाडी जाते म्हणे. कुंपणाला लागलो. कुंपण तसं जुनंच होतं.

१७ फेब्रुवारी

मान आखडली. क्लासला गेलो नाही. फी फुकट जायला नको म्हणून ही गेली. जाऊ दे, तेवढाच तिचा वेळ जाईल. तिला निघताना वळणावर कसं कलायचं ते समजावून सांगितलं.

२१ फेब्रुवारी

ऑफिसात काम फार. क्लासला हीच गेली. म्हणते तिसऱ्या गिअरपर्यंत पोचले. हलक्या गाडीवर कोणीही पोचेल.

निश्चय : सोमवारपासून गंभीरपणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस सुटल्यावर पाना मला मागच्या मोकळ्या पटांगणात घेऊन गेला. स्वतःची गाडी मला दिली आणि मागे बसला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या मागे.

काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. भिंत जवळ येत होती. मी उजवा पाय दाबला, पण बारा वर्षं दाबतोय तसा, हवेत. पान्याने दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी थांबवली. त्याच्या बुटाचा तळ निघाला.

तो तळ त्याने उचलून खिशात घातला. मग म्हणाला, अरे, साहेबांना खरं सांगून टाक. अडकलेल्या माणसापर्यंत पोचायचं काम आहे हे, हौस नाही. मी चिडलो. म्हटलं तुला बढती मिळाली म्हणून तू असं बोलतोस. तो गाडी पुसत राहिला.

येताना मागे बसून आलो. एकही खड्डा सांगितला नाही. रस्ता मात्र छान गेला.

२८ फेब्रुवारी

पान्याचा शेवटचा दिवस. अडकलेली लिफ्ट बाहेरून उघडायची चावी माझ्या हातावर ठेवली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जप. चावीला की स्वतःला, ते विचारलं नाही.

आज लायसन्सची परीक्षाही होती, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवून दाखवायची. निरोप समारंभामुळे मला जाता आलं नाही. ही गेली. पास झाली. परीक्षक बायकांना सवलत देतात. माझ्याकडे लर्निंग आहे. तेही लायसन्सच.

३ मार्च, सकाळी सात

झोप लागली नाही. गाडीला सकाळी लवकर रस्त्याची सवय हवी, म्हणून ऑफिस उघडायच्या आत ती ऑफिसात नेऊन ठेवायची ठरवलं. चालवली हिने. मी मागे बसून लक्ष ठेवून होतो. ऑफिसच्या आवारात गाडी लावून ही तिच्या औषधांच्या दुकानात गेली, मागच्याच गल्लीत आहे. जाताना म्हणाली, अहो, अजूनही सांगता येईल. मी म्हणालो, काय सांगायचं?

३ मार्च, संध्याकाळ

उजवं कोपर खरचटलंय. अक्षर वाईट येईल.

अकराच्या सुमारास फोन आला. एक आजी, एकट्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. आतला दिवा गेलेला. त्यांचा आवाज ओळखीचा आहे, याआधी दोनदा अडकल्यात. दर वेळी माझ्याशी बोलत बसतात. आज मात्र आवाज धाप लागल्यासारखा येत होता. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस निघालाय.

म्हणालो आणि मग लक्षात आलं की माणूस म्हणजे मीच.

साहेब हेल्मेट घालून तयार. मी आजींचा फोन मोबाइलवर वळवून घेतला, मोबाइल कानाशी हेल्मेटमध्ये खोचला, चावी खिशात. साहेब मागे बसले आणि गाडी एका बाजूला जायला लागली. एक चवडा टेकवला. चालू केली. क्लच सोडला. उडी, बंद. पुन्हा. उडी, बंद. कानात आजी विचारत होत्या, निघाला का हो तो. मी म्हणालो, निघालाय. पुन्हा चालू केली आणि या वेळी ती फाटकापर्यंत गेली. साहेबांनी तेवढ्यात उतरून घेतलं, ते बरं झालं, कारण मी उजवीकडे वाकून रस्ता बघत होतो आणि गाडी उजवीकडेच आडवी झाली. मी तिच्यासकट.

आजी म्हणाल्या, कुठवर आला? मी म्हणालो, फाटकापर्यंत.

साहेब टॅक्सी मागवतो म्हणाले. ती यायला बराच वेळ दाखवत होती. आजींचा आवाज बारीक होत चालला होता. मला भीती वाटली. गाडीची नाही, त्या आवाजाची. तो बंद पडला तर काय, याची. पान्याचं ते वाक्य आठवलं आणि मी उठून गल्लीकडे पळालो. दुकानाबाहेरूनच हिला हाक मारली. इतक्या मोठ्याने कधी मारली नसेल.

ही काउंटरवरून तशीच आली. दोघांनी गाडी उभी केली. ती पुढे बसली, तिचेही चवडेच टेकत होते. काही विचारलं नाही, मी पत्ता सांगितला आणि निघालो. साहेब फाटकाशी उभे राहून बघत राहिले.

सगळा रस्ता मी आजींशी बोलत होतो. आता चौक आला, आता सिग्नल हिरवा झाला, आता एक ट्रक पुढे आहे पण आम्ही डावीकडून काढतोय. ही वळणावर नीट कलत होती. आजी म्हणाल्या, चालवणारा चांगला आहे. मी म्हणालो, हो, चांगली आहे.

पोचलो. वर जाऊन लिफ्ट हाताने फिरवून चौथ्या मजल्याशी आणली, चावी लावली, दार सरकवलं, आजींना हात दिला. त्यांचा हात बर्फासारखा गार. त्या रडल्या नाहीत. मीच रडलो, जिन्याकडे तोंड करून. हिने पाहिलं, पण पाणी आणायला गेल्यासारखं केलं.

५ मार्च

साहेबांनी बोलावलं. उत्तरं तयार ठेवली होती. फाटकाशी रस्ता उताराचा आहे, बुटाचा तळवा नवा होता, साहेब जरा लवकर बसले.

त्यांनी फाटकाचा विषयच काढला नाही. आजींचा फोन आला होता म्हणाले. फार कौतुक केलं. म्हणाल्या, तो फोनवरचा माणूस होता म्हणून मी जिवंत बाहेर आले, त्याला फोनवरून कधीही हलवू नका. साहेबांना ते पटलंय. फिरतीच्या जागेवर दुसरा मेकॅनिक येतोय. त्याला मोटारसायकल येते. पुढे बसून.

मी म्हणालो, साहेब, मलाही तेच योग्य वाटत होतं. दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेस रोज याच बाजूला येतात का? मी म्हणालो, हो, मीच त्यांना सोबत घेऊन येतो.

टेबलावर बसलो. फोनची वायर होती तशीच गुंतलेली. गेल्या आठवड्यात तिचा निरोप घेतला होता मनातल्या मनात. वाईट वाटलं, लिहायला हरकत नाही.

६ मार्च

आता हीच गाडी चालवते. तिने बुटाला जाड तळवा लावून घेतलाय. कल्पना माझी होती. मला ऑफिसला सोडते, पुढे दुकानात जाते, संध्याकाळी न्यायला येते. एकूण गाडीची निवड चुकली नाही. दांडी धरायला सोयीची, गुडघ्यांना जागा, पोटरीला चटका नाही.

आज चौकात एक सायकलवाला आडवा आला. मी जोरात उजवा पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. चांगला ब्रेक लागला म्हणालो. हिने पहिला गिअर टाकला.

पुढे निघाल्यावर सवयीने मान उजवीकडे कलती केली. या वेळी पुढे खरंच कोणीतरी बसलेलं होतं. रस्ता नीट दिसला.