केळीतल्या पाच गुंठ्यांबाबत

मी, तुळजाबाई शेषेराव टेकाळे, वय चौऱ्याहत्तर, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, माझ्या मनाने लिहून ठेवत आहे. मला दिसते, ऐकू येते, आणि माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉ. नाझनीन यांनी तपासून लिहून दिले आहे. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. मसुदा वकील मल्लिनाथ यांनी केला. तिसऱ्या कलमातला मजकूर मात्र माझा आहे. ते म्हणाले, "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत नसतात." मी म्हणाले, "मग कुठं लिहितात ते सांगा, तिथं लिहिते." शेवटी इथेच लिहिले.

१. माझे राहते घर मुलगा सुदर्शन आणि सून उज्वला यांना निम्मेनिम्मे जावे. विकायचे झाल्यास दोघांच्याही सह्या लागतील. माझ्या यजमानांनी हयातीत माझी सही कधी विचारली नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

२. बोरमाळ उज्वलेला द्यावी. सोन्याच्या पाटल्या चाकूरच्या माझ्या भावजयीला द्याव्यात. त्या आमच्या आईच्या आहेत असे ती म्हणत आली. त्या आईच्या नव्हत्या. मी केळीच्या पैशातून घडवल्या होत्या. त्यावरून आमचे बोलणे तुटले. तरीही तिलाच द्याव्यात. कोणावर राग धरून बसावे इतकी मी चांगली आहे, असे आता मला वाटत नाही.

३. अर्धापूर रस्त्यालगतची माझी दोन एकर जमीन. ही मला वडिलांकडून मिळाली. पुढे शहर वाढत आले आणि ती महापालिकेच्या हद्दीत गेली. यजमान वारल्यावर मी ती किनवट भागातल्या मुलींसाठी चालणाऱ्या वसतिगृहाला दान दिली. कडेला वसतिगृह बांधले गेले. बाकी जमिनीत केळी आणि मुलींपुरता भाजीपाला होतो. दानपत्रात माझी अट आहे की माझ्या लेखी संमतीशिवाय पुढे कसलेही बांधकाम करू नये, आणि माझ्या पश्चात हा अधिकार मी मृत्युपत्रात नेमीन त्यांच्याकडे जाईल. दान देऊनही बाग मीच बघत होते. वसतिगृहात मात्र सत्कार झाला त्या ओसरीच्या पुढे मी कधी गेले नाही.

गेल्या भाद्रपदात विश्वस्तांची बैठक झाली. वसतिगृहाचा खर्च भागत नव्हता. सुदर्शन बांधकामाचा धंदा करतो, तो म्हणाला, "आई, रोड-टच जागा हाय. खाली दुकानं काढू, वर लग्नाचा हॉल. भाड्यावर वसतिगृह चालंल." दोन विश्वस्तांनी माना डोलावल्या. अधीक्षिका कहकशां मॅडम म्हणाल्या, "दुकानं नकोत. पोरींच्या शेजारी रोज वरात नको. मला फक्त इमारतीमागचे पाच गुंठे द्या. संडास आणि न्हाणीघरं बांधायची आहेत. आहेत ती तुंबतात, पुरत नाहीत."

त्या पाच गुंठ्यांत माझी सगळ्यात चांगली केळी उभी होती. आणि सुदर्शनला एकदा बोट दिले की तो हात धरील, ही भीतीही होती. पण मी जे बोलले ते भीतीपोटी नव्हे, तोऱ्यात बोलले. "बांधकाम म्हंजी बांधकाम. आज पाच गुंठे, उद्या सगळं रान. आमी न्हाई का दिवस काढले? पोरींचे लई लाड करून राहिले तुम्ही. आन् ज्याची जमीन न्हाई त्याला काय कळतंय जमिनीचं?" हे शेवटचे वाक्य मी कहकशां मॅडमच्या तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, "माई, एकदा आत येऊन बघा." मी गेले नाही. दोन्ही प्रस्ताव मी एकाच सहीने नाकारले.

दसऱ्यानंतर एका पहाटे मी बागेत गेले. त्या दिवसांत घड चोरीला जात होते. मागच्या ओळीत पाने हलली. मी काठी उगारून ओरडले, "कोण हाय रं केळीत? चोट्ट्यांनो, थांबा!" तीन मुली उठून पळाल्या. तिघींच्या हातात टमरेलं होती. एकीचा पाय ठिबकच्या नळीत अडकला आणि ती मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी चाकूर तालुक्यातल्या खेड्यात वाढले. आईबरोबर अंधारात बाहेर जायचे, आणि रस्त्याने सायकल आली की सगळ्या बायांनी पटकन उठून उभे राहायचे. तेव्हा मान कशी खाली जाते ते मला कोणी सांगायला नको होते. मी ते विसरले नव्हते. फक्त त्या मुलींना तसे होत असेल असे माझ्या मनात आले नाही.

मुलीला सुदर्शननेच गाडीत घालून दवाखान्यात नेले. मीही बरोबर होते. मुलीचे नाव शिवानी वानोळे, इयत्ता नववी. प्लास्टर झाल्यावर मी तिच्या खाटेजवळ गेले, तर ती उठून बसायला लागली आणि म्हणाली, "आज्जी, आमी केळीला हात लावला न्हाई. खरंच न्हाई."

दुपारी मी घरी जाऊन आले तोवर तिचे वडील सटवाजी किनवटकडून आले होते. पोरगी पाय घसरून पडली, असे मीच त्यांना सांगितले. ते वाकले आणि माझ्या पायावर डोके ठेवून म्हणाले, "तुमच्या जमिनीमुळं पोरगी शिकून राहिली, माय." मी त्यांना वाकू दिले. पाय मागे घेतले नाहीत.

त्याच आठवड्यात मी वसतिगृह आतून पाहिले. काय पाहिले ते लिहीत नाही. कहकशां मॅडम बैठकीत बोलल्या त्याहून वाईट होते. त्यांची माफी मी सगळ्या विश्वस्तांसमोर मागितली. त्या म्हणाल्या, "माई, सही करा." मी केली. केळी तोडली आहे, पाया खोदला आहे.

माझ्या पश्चात संमतीचा अधिकार कहकशां मॅडम आणि उज्वला या दोघींकडे राहील, दोघींचे एकमत लागेल. मुलींच्या गरजेचे काही असेल तर त्यांनी केळीकडे बघत बसू नये. दुकाने आणि हॉल यांना माझी संमती नाही. सुदर्शनला हा अधिकार दिला नाही. तो वाईट नाही, पण रस्ता दिसला की त्याला दुसरे काही दिसत नाही. त्याला हे लागेल. लागले तरी मजकूर बदलू नये.

४. फवारणीचा पंप, कोयते, खुरपी आणि पाण्याची मोटर वसतिगृहाला द्यावी.

५. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. पेपरात माझ्या नावापुढे दानशूर असे छापू नये.

६. मी मेल्यावर उज्वलेने किनवटला जाऊन शिवानीच्या वडिलांना खरे सांगावे, असे या जागी लिहिले होते. ते खोडले. मेल्यावर सांगणे म्हणजे तोंड लपवणेच. म्हणून सही थांबवली आणि काल उज्वलेला घेऊन रेल्वेने किनवटला गेले, तिथून जीपने त्यांच्या गावाला.

सटवाजींनी खाट टाकली, पाणी दिले. मी सगळे सांगितले. मीच ओरडले, चोर म्हणाले, काठी उगारली, आणि तुमच्याशी खोटे बोलले. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "ठावं हाय, माय. पोरीनं दवाखान्यातच सांगितलं व्हतं. तुमी यायच्या आदी."

मी विचारले, "मंग माझ्या पाया कशाला पडलात?"

ते म्हणाले, "तुमी तिला काढून टाकसाल म्हणून."

हे कलम इथेच संपते. वरील सर्व मजकूर मल्लिनाथ यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी ऐकला, आणि त्यातला एकही शब्द कमी न करता खालील साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: तुळजाबाई शेषेराव टेकाळे

साक्षीदार:
१. वैजनाथ, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार नांदेड (सही)
२. डॉ. नाझनीन, राहणार नांदेड (सही)

स्थळ: नांदेड
दिनांक: २१ जानेवारी २०२५