हैफाबाईंचा बाजार

गाबेस, २ मार्च

प्रिय वसीलाताईस,
हैफाचा सलाम वि. वि.

मी एवढी का धुमसतेय, विचारतेस? शेजारच्या वर्गातले खमारीसर! माझी मुलं गट करून वर्गात बाजार मांडतात. खजूर विकतात, घासाघीस करतात, सगळं इंग्रजीत. जो अरबीत घसरला, त्याच्या डोक्यावर हमालाची टोपली. बघे चालत नाहीत; दारातून आत आला तो गिऱ्हाईक. मुलं घडाघडा बोलायला लागली गं!

आणि या गृहस्थांनी मुख्याध्यापकांचे कान भरले, की हैफाबाई शिकवत नाहीत, धिंगाणा घालतात. आता तपासनीस येणार. त्यांनी नाक मुरडलं तर माझी बदली सरहद्दीवरच्या खेड्यात. अंथरुणाला खिळलेल्या आईला तिथं कशी नेऊ? हे ठाऊक असूनही खमारीसर परवा हसत म्हणाले, तिकडची हवा छान असते. ताई, मी त्यांना सोडणार नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी हैफा

स्फाक्स, ९ मार्च

चि. हैफास,
पोटभर आशीर्वाद.

लहानपणी मी तुझी बाहुली मोडली, तर तू माझ्या बुटात हरीसाची तिखट चटणी फासली होतीस! तसलं काही करू नकोस, बाई. तुझे भाऊजी म्हणतात, तपासनिसांपुढे निमूट व्याकरण शिकव. मी म्हणते, मुळीच नाही! बाजारच मांड. आईच्या पायांना तेल चोळत जा.

आठवण ठेव, रागातसुद्धा.
तुझी ताई

गाबेस, २४ मार्च

प्रिय ताईस,
आज नाचत नाचत सलाम!

तपासनीस आले आणि थेट खजुराच्या दुकानावर. भाव ऐकून त्यांच्या तोंडून अरबी शिवी निसटली. पोरांनी टोपली ठेवली डोक्यावर, आणि ते पोट धरून हसले. तेवढ्यात खमारीसर दार ढकलून आत! गप्प बसा, अरबीतच ओरडले. टोपली त्यांच्याकडे. तपासनीससाहेबांनीच ती डोक्यावर घेतली म्हटल्यावर हे नाही कसं म्हणणार? मग कांदेवाल्या पोरीनं इंग्रजीत विचारलं, किती देऊ. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस, घाम पुसत उभा राहिला. एक शब्द फुटेना. ताई, मला इतकं गार वाटलं!

माझी बदली टळली. आई इथंच, माझ्यापाशी. आणि साहेबांचा हुकूम झाला, की खमारीसरांनी वर्षभर माझ्या वर्गात मुलांच्या गटात बसून ही पद्धत शिकावी. मी नको म्हटलं तरच त्यांची बदली सरहद्दीवर.

काल सर घरी आले. खाली मान घालून म्हणाले, हैफाबाई, साहेबांना नको म्हणून कळवा, मी सरहद्दीवर जायला तयार आहे. मी चहा दिला, वर मानाच्या पाहुण्याला घालतात तशा पाइनच्या बिया घातल्या, आणि सांगितलं, सर, तुम्ही कुठंही जायचं नाही. उद्या वेळेवर या.

तुझ्या मायेची भुकेली,
हैफा